मारिओचं गाणं आपल्याकडे संथ का वाजायचं?

नव्वदच्या दशकात मुंबईत ज्यांनी टीव्हीला गेम जोडून मारिओ खेळला, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या कानात बसलेली चाल मूळ जपानी चालीपेक्षा संथ आहे. सूर जवळपास तेच, लय मात्र सहाव्या हिश्शाने कमी. टेप रेकॉर्डरची पट्टी हळू फिरली की गाण्याबरोबर आवाजही खाली उतरतो, गायिकेचा गायक होतो. इथे तसं होत नव्हतं. सूर जागच्या जागी राहायचे आणि फक्त लय उतरायची. हे कसं घडतं ते समजलं की त्या जुन्या गेममधलं संगीत कसं तयार व्हायचं हेही आपोआप उलगडत जातं. मला ते संगीत मनापासून आवडतं. ते नुसतं आठवणींपुरतं नाही, संगीत म्हणूनही मोठं आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी मशीनबद्दल थोडं. जपानमध्ये निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी फॅमिली कॉम्प्युटर बाजारात आणला. लोक त्याला फॅमिकॉम म्हणायला लागले. अमेरिकेत तो १९८५ पासून वेगळ्या खोक्यात, एनईएस या नावाने विकला गेला. आपल्याकडे घराघरांत पोचल्या त्या बहुतेक त्याच्यासारख्या चालणाऱ्या क्लोन मशीन: मीडिया, लिटल मास्टर, आणि ज्यांच्या खोक्यावर धड नावही नसायचं अशा कितीतरी. लॅमिंग्टन रोड, मनीष मार्केट, हाजी अलीचं हिरा पन्ना, इर्ल्याचं अल्फा ही ती घेण्याची ठिकाणं. चाळीत ज्याच्याकडे गेम आला त्याच्या दारात मे महिनाभर चपलांचा ढीग. कंट्रोलरला सगळे रिमोट म्हणायचे. कॅसेट लागली नाही की काढून तिच्या पट्टीवर फुंकर मारायची आणि परत बसवायची. ‘९९९९९९९ इन वन’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये मोजून काही गेम असायचे, तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा. आणि त्या सगळ्यांचा आवाज टीव्हीच्या एकाच छोट्या स्पीकरमधून यायचा.

कॅसेटमध्ये गाणं नसायचंच

गाण्याची कॅसेट आणि गेमची कॅसेट यांचं नाव आपण एकच ठेवलं, पण दोन्हीत काहीच साम्य नाही. गेमच्या कॅसेटमध्ये कुणी वाजवून रेकॉर्ड केलेलं गाणं नसतं. तेवढी जागाच नव्हती. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९८५ चा अख्खा गेम, म्हणजे सगळे टप्पे, सगळी चित्रं, सगळे नियम आणि सगळं संगीत, ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. ऑडिओ सीडीवर एका सेकंदाच्या आवाजाला १,७६,४०० बाइट लागतात. म्हणजे पूर्ण मारिओच्या जागेत सीडीच्या दर्जाचा आवाज पाव सेकंदसुद्धा मावला नसता.

मग कॅसेटमध्ये काय असायचं? सूचना. हा सूर लाव, इतका वेळ धर, आता आवाज कमी कर, आता पुढचा सूर. आणि मशीनच्या आतली चिप त्या सूचना वाचून तिथल्या तिथे आवाज तयार करायची. म्हणजे प्रत्येक वेळी गेम सुरू केला की ते संगीत खरोखर नव्याने वाजत असे.

ही चिप म्हणजे रिको कंपनीची २ए०३. गेम चालवणारा प्रोसेसर आणि आवाज करणारा भाग, दोन्ही त्याच तुकड्यावर. तिच्याकडे एका वेळी पाच आवाज होते. त्यांची एकेकाची ओळख करून घेतली पाहिजे, कारण पुढची सगळी गंमत त्यांच्या स्वभावात आहे.

पहिले दोन आवाज चौकोनी लहरीचे. विजेचा दाब एकदम वर, थोडा वेळ तिथेच, मग एकदम खाली. त्याचा आलेख काढला तर चौकोनी दात दिसतात. दाब वर किती वेळ राहतो यावर आवाजाचा पोत ठरतो. निम्मा वेळ वर आणि निम्मा वेळ खाली ठेवला तर आवाज पोकळ, गोल, भरीव येतो. पाव वेळ वर ठेवला तर जास्त उजळ. आठव्या हिश्शाएवढाच वेळ वर ठेवला तर बारीक, नाकातला. चिपमध्ये चौथा पर्याय पाऊण वेळेचा आहे, पण कानाला तो पाव वेळेसारखाच लागतो. याचं कारण सोपं आहे: एक लहर दुसरीची उलटी आकृती आहे आणि आकृती उलटी केली म्हणून कानाला फरक कळत नाही. आवाजाच्या जोराच्या शून्यापासून पंधरापर्यंत सोळा पायऱ्या. सूर लागताक्षणी पंधरावर, मग झरझर खाली आणला की तार छेडल्यासारखं वाटतं. हळूहळू वर नेला की फुंकून वाजवल्यासारखं. सगळं संगीतकाराच्या हातात, पण हातानेच करायचं.

तिसरा आवाज त्रिकोणी लहरीचा. तो ३२ छोट्या पायऱ्यांनी खाली उतरतो आणि वर चढतो, म्हणून मऊ असतो. त्याला जोर कमी-जास्त करायची सोयच नाही. एक तर वाजतो, नाही तर गप्प. चौकोनी आवाजाला जो आकडा दिला तोच याला दिला तर हा एक सप्तक खाली वाजतो. त्यामुळे खर्जाचं, बेसचं काम आपसूक याच्याकडे आलं. आपल्या टीव्हीच्या स्पीकरमधून हा आवाज नीट ऐकूच यायचा नाही, नुसती घुमघुम जाणवायची. तेव्हा खेळलेले गेम आज हेडफोन लावून पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खाली एक संपूर्ण वेगळी चाल सापडते. ती कुणी नंतर घातलेली नसते, पहिल्यापासून तिथेच होती.

चौथा आवाज खरखरीचा. याला सूर नाही. चिप आत एक न संपणारी वाटावी अशी शून्य-एकची माळ फिरवते, ती जवळपास बेहिशेबी असते, आणि आपल्याला ती ‘खर्र’ अशी ऐकू येते. तिचे सोळा वेग आहेत. अगदी छोटा तुकडा वरच्या वेगात वाजवला की झांज, जरा खाली आणि जरा लांब की ताशासारखा फटका, आणखी खाली नेला की स्फोट. गेममधले सगळे धमाके, पाणी, वारा आणि ढोलही याच एका आवाजातून.

पाचवा आवाज खऱ्या रेकॉर्डिंगचा. हो, तेही जमायचं, पण अगदी ओबडधोबड आणि खर्चिक. प्रत्येक क्षणी फक्त एवढंच साठवायचं की आवाज आधीपेक्षा वर गेला की खाली आला. सगळ्यात चांगल्या वेगात एका सेकंदाला साधारण ४ किलोबाइट लागत, म्हणजे अख्ख्या मारिओचा दहावा भाग. म्हणून पहिल्या मारिओत हा आवाज वापरलेलाच नाही. १९८८ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’मध्ये कॅसेट मोठी झाली आणि ढोलाचे तुकडे याच आवाजातून आले. तो गेम पहिल्यापेक्षा एवढा ठसठशीत का वाजतो याचं मोठं कारण तेच.

सात सूर, जवळून

आता पहिल्या मारिओची सुरुवात जरा थांबून पाहू. कोजी कोंडो १९८४ मध्ये निन्टेन्डोत लागले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी हे संगीत केलं. पेटीवर पांढरी एकचा सा धरा. वरचा आवाज वाजवतो: ग ग ग, सा ग, प, आणि मग तोच प एक सप्तक खाली. सात सूर. जगभरात ओळखले जातात.

नुसते हे सूर पेटीवर वाजवले तर ओळखू येतात, पण ती धडपड, ते ‘चला’ म्हणणं त्यात येत नाही. कारण ते खाली आहे. वर ग वाजत असताना दुसरा चौकोनी आवाज तीव्र म धरून बसलेला आहे आणि त्रिकोणी आवाज खाली रे वाजवतोय. गाणं सा चं, पण पहिल्या पाच सुरांत पायाला सा नाही, रे आहे. मध्ये तीव्र म आहे, जो गाण्याच्या मुख्य सप्तकातला नाहीच. तीन आवाज, तीन वेगळ्या जागा, आणि त्यातली एकही विसाव्याची नाही. मग वरचा सूर प वर जातो, खालचाही प वर येतो, कानाला पहिल्यांदा जमीन लागते, आणि त्या प वरून खरं गाणं सा वर उतरतं. सगळं मिळून जेमतेम दोन सेकंद. बटण दाबायच्या आधीच मारिओला पुढे ढकललेलं असतं.

मला कोंडोंचं मोठेपण इथे दिसतं. त्यांच्याकडे भराव घालायला काहीच नव्हतं. तीस व्हायोलिनं लावून साध्या चालीला भारदस्त करण्याची सोय असती तर कदाचित असा विचार करायची गरजच पडली नसती. तीनच सूर एका वेळी लावता येतात म्हटल्यावर तिन्ही सूर कामाचे हवेत. प्रत्येकाची स्वतःची चाल हवी. एकच गाणं खेळणारा शंभर वेळा ऐकणार, म्हणून त्यात शंभराव्या वेळीही काहीतरी सापडायला हवं. पाण्याखालचं गाणं तीन-तीन मात्रांच्या संथ हिंदोळ्यावर आहे. भुयारातलं गाणं म्हणजे छोटे तुकडे आणि मध्ये मोठ्या शांत जागा. कॅसेटमध्ये जागा कमी होती म्हणून शांतताही संगीतात आली, आणि ती तिथे शोभून दिसते.

२०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने मारिओचं हे मुख्य गाणं आपल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतलं. व्हिडिओ गेमच्या संगीताला तिथे मिळालेली ती पहिली जागा.

एक गोष्ट खेळताना बहुतेकांच्या लक्षात येत नाही. उडीचा आवाज, नाण्याचा आवाज, वीट फुटल्याचा आवाज यांच्यासाठी वेगळी सोय नव्हती. तेही याच आवाजांतून काढायचे. पाचच जणांच्या भजनी मंडळात एकाला मध्येच उठून दार उघडायला जावं लागलं तर बाकीचे भजन चालू ठेवतात आणि तो परत येऊन चालू ओळीतच सूर लावतो, तसंच इथे होतं. मारिओने उडी मारली की पहिला चौकोनी आवाज गाणं सोडून उडीचा ‘टुंई’ काढतो. नाणं घेतलं की दुसरा आवाज सुटतो. वीट फुटली की खरखर ढोल सोडून विटेकडे जाते. तेवढ्यापुरती गाण्यातली एक ओळ गायब असते. आपल्याला ते कळत नाही, कारण उरलेल्या ओळी गाणं उभं धरतात आणि कान गाळलेली जागा भरून काढतो. एखाद्या रांगेतली नाणी भराभर घेत जा आणि गाण्याकडे लक्ष ठेवा. एक ओळ तुटत-जुळत राहिलेली स्पष्ट ऐकू येते.

सूर एका घड्याळाचा, लय दुसऱ्या

आता संथपणाकडे येऊ.

चिपला सूर कसा सांगतात? आकडा देऊन. जपानी मशीनच्या चिपमध्ये सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोके पडतात. चिप या ठोक्यांना आधी १६ ने भागते आणि मग आपण दिलेल्या आकड्यात एक मिळवून त्याने भागते. २५३ दिला तर उत्तर येतं ४४०. म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं, पेटीवरची पांढरी सहा. आकडा लहान केला की सूर वर जातो, मोठा केला की खाली. तेव्हा सुराची उंची अवलंबून आहे फक्त चिपच्या ठोक्यांवर.

लयीचं तसं नाही. गाण्याची पुढची सूचना कधी वाचायची हे प्रोग्रामला कुणीतरी सांगायला हवं. त्यासाठी गेम बनवणाऱ्यांनी सगळ्यात हाताशी असलेलं घड्याळ वापरलं: टीव्हीचं चित्र. प्रत्येक नवं चित्र रंगवून झालं की चिपला इशारा मिळतो. त्या इशाऱ्यावर मारिओ एक पाऊल पुढे सरकतो, कासव एक पाऊल सरकतं आणि गाणंही एक घर सरकतं. जपान आणि अमेरिकेत टीव्ही एनटीएससी पद्धतीचे, सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवणारे. मारिओच्या गाण्यात एक मात्रा १८ चित्रांची आहे. ६० च्या हिशेबाने मिनिटाला २०० मात्रा होतात. ही मूळ लय.

भारतात १९८२ साली रंगीत टीव्ही आला तो पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० चा. मात्रा तीच १८ चित्रांची. पण आता मिनिटाला बसतात १६६. कॅसेट बदललेली नाही, सूचना बदललेल्या नाहीत, इशारेच कमी येतायत. मारिओसुद्धा तेवढाच हळू धावतो, म्हणून खेळताना काही खटकायचं नाही. सगळं जगच एका मापाने संथ झालेलं असतं.

मग सूर का उतरला नाही? इथे क्लोन मशीनमधल्या चिपांचं श्रेय आहे. युरोपात निन्टेन्डोने स्वतः जी पाल मशीन विकली, तिच्या चिपचे ठोके १६ लाख ६३ हजारांच्या आसपास होते. त्यावर तोच २५३ चा आकडा दिला तर ४४० ऐवजी ४०९ मिळतात, म्हणजे सूर अर्ध्या स्वरापेक्षाही जास्त खाली. तिथल्या कॅसेटसाठी आकडे बदलून घ्यायचे, तरच गाणं पट्टीत राहायचं. क्लोनसाठी पाल चिप बनवणाऱ्या तैवानी कारखान्यांसमोर प्रश्न वेगळा होता. त्यांच्या गिऱ्हाइकांकडे येणार होत्या जपानी कॅसेट किंवा त्यांच्या नकला, आणि त्या न बदलता चालायला हव्या होत्या. त्यांनी ठोके सुमारे १७ लाख ७३ हजार ठेवले. तिथे २५३ ला ४३६ कंपनं मिळतात. मूळ सुरापासून फरक अर्ध्या स्वराच्या सहाव्या भागाएवढा. शेजारी मूळ ठेवून ऐकलं तरच जाणवणारा. सूर टिकला, लय उतरली, ती अशी. रशियात १९९२ पासून विकल्या गेलेल्या डेंडी या क्लोनमुळे ही जात आज जगभर डेंडी याच नावाने ओळखली जाते.

आणखी एक फरक, जो मला फार आवडतो. या जातीच्या काही चिपांमध्ये चौकोनी लहरीचे दोन पर्याय अदलाबदल झालेले आहेत. गेमने निम्म्या वेळेचा पोकळ आवाज मागितला तर चिप पाव वेळेचा उजळ आवाज देते, आणि उलटही. म्हणजे अशा मशीनवर चाल तीच, पण वाद्यं बदललेली. दोन घरांतल्या दोन मशीनवर एकच गेम जरा वेगळा वाजतो, असं तेव्हा ज्यांना वाटायचं त्यांचे कान बरोबर होते.

गेल्या गणपतीत घरी सगळे जमले असताना भाच्याने मोबाईलवर मारिओ लावला. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, “फास्ट का लावलायस रे? नीट लाव.” त्याने काहीच केलेलं नव्हतं. मोबाईलवरचे एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारी ॲप, सहसा ६० च्या हिशेबाने चालतात. ताईच्या कानात परळच्या घरातला ५० चा टीव्ही होता. मी त्या दोघांना बसवून दोन्ही लयी ऐकवल्या. भाच्याला आपली संथ लय गोड वाटली, हे ऐकून मला खूप बरं वाटलं.

सूर आणि लय अशी वेगळी असल्यामुळेच मारिओची ती ओळखीची घाई शक्य झाली. टप्पा संपवायला उरलेली वेळ १०० वर आली की आधी एक छोटी सूचना वाजते आणि मग गाणं पळायला लागतं. तिथे प्रोग्राम मात्रा १८ ऐवजी १२ चित्रांची करतो. थेट दीडपट लय. सूर जराही चढत नाहीत. तळहाताला घाम मात्र फुटतो.

पाच आवाजांतून पन्नास

एका आवाजात एका वेळी एकच सूर निघतो, तरी संगीतकारांना भरगच्च कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, हवे असत. मग ते तीन सूर आळीपाळीने, एकेका चित्राला एक, इतक्या वेगात वाजवत की कान ते एकत्रच ऐकतो. त्या गेममध्ये जो किलबिलता, थरथरता आवाज असतो तो हा. ब्रिटनच्या टिम फॉलिन यांनी १९९० च्या ‘सॉल्स्टिस’ आणि ‘सिल्व्हर सर्फर’मध्ये हे इतकं पुढे नेलं की शीर्षकाचं गाणं सुरू झाल्यावर हे याच मशीनमधून येतंय यावर विश्वास बसत नाही.

प्रतिध्वनी हवा असेल तर तीच चाल दुसऱ्या चौकोनी आवाजाला किंचित उशिरा आणि हळू वाजवायला सांगायची. त्रिकोणी आवाजाचा सूर एका क्षणात वरून खाली घसरवला की ‘धुम्’ असा ढोल निघतो, आणि लगेच तो परत बेसच्या कामाला लागतो. या युक्त्या कुठल्या पुस्तकात नव्हत्या. एकमेकांचे गेम ऐकून, चिपशी झटापट करून लोकांनी त्या शोधल्या.

आपल्या लाडक्या ‘कॉन्ट्रा’मध्ये कोनामीच्या माणसांनी पाचवा आवाज ढोलाच्या फटक्यांसाठी राखला. पहिल्या जंगलातलं ते गाणं आठवा. खालचा बेस सतत धावतोय, वर दोन चौकोनी आवाज एकमेकांना उत्तरं देतायत, आणि खऱ्या ढोलाचा फटका मध्ये पडतोय. दोघं खांद्याला खांदा लावून खेळण्याचा जोश त्या फटक्यात होता.

सनसॉफ्ट कंपनीची वाट निराळी. बाकीचे पाचव्या आवाजातून ढोल काढत असताना नाओकी कोदाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून बेस गिटारचे छोटे तुकडे वाजवले. त्या आवाजाला वेग सोळाच, म्हणून हवे ते सगळे सूर एका तुकड्यातून निघत नाहीत. त्यांनी वेगवेगळ्या सुरांचे वेगळे तुकडे साठवले. १९९० चा ‘जर्नी टू सिलियस’ ऐका. बेस गुरगुरतो, आणि त्रिकोणी आवाज मोकळा झाल्यामुळे ढोलाला मदत करतो.

पण नुसती करामत म्हणजे संगीत नव्हे. माझ्या सगळ्यात आवडत्या चालींपैकी दोन अगदी साध्या आहेत. एक ‘बॉम्बरमॅन’ची, १९८५ ची. जून चिकुमा यांची ती छोटीशी, गोल फिरणारी चाल भिंती फोडत बसलेल्या माणसाला कधीच कंटाळा येऊ देत नाही. ‘ॲडव्हेंचर आयलंड’चं संगीतही त्यांचंच, हे मला फार उशिरा कळलं आणि मग दोन्हींतला तो खेळकरपणा एकाच हातचा आहे हे लगेच पटलं. दुसरी ‘बलून फाईट’मधली बलून ट्रिपची, हिरोकाझू तानाका यांची. तानाका मूळचे आवाजाच्या यंत्रणेवर काम करणारे इंजिनियर. त्यांना चिपची नस माहीत होती, आणि फुगे धरून तरंगणाऱ्या माणसाचं गाणं कसं असावं हेही. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, त्यांनीच ‘मेट्रॉइड’चं एकाकी, थंड संगीत केलं. दोन्ही लागोपाठ ऐकली की एकाच चिपमध्ये किती मनःस्थिती दडलेल्या होत्या ते कळतं.

आणि ‘बॅटल सिटी’, आपला टँकवाला गेम. सुरुवातीची चार क्षणांची धून झाली की संगीत बंद. पुढे फक्त रणगाड्याच्या इंजिनाची घरघर. थांबलं की एक सूर, चाललं की दुसरा. दुपारभर तो आवाज घरात भरून राहायचा आणि मोठी माणसं वैतागायची. तरी मला वाटतं, तिथे गाणं न घालण्याचा निर्णय बरोबर होता. आपल्या तळावरचा गरुड वाचवायचा असताना मागून कुणी येतंय का याकडेच कान हवे.

पुढच्या मशीनबद्दल थोडक्यात. सेगाचं मेगा ड्राइव्ह १९८८ मध्ये आलं, त्यात यामाहाची चिप होती. ती एका लहरीने दुसरीला हलवून आवाज करायची, त्यामुळे धातूसारखा खणखणीतपणा यायचा. १९९१ च्या ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’मध्ये युझो कोशिरो यांनी त्यावर अख्खा नाइट क्लब उभा केला. निन्टेन्डोच्या १९९० च्या सुपर फॅमिकॉममध्ये सोनीची आवाजाची चिप होती, केन कुतारागी यांनी घडवलेली. तिथे आठ आवाज, आठही रेकॉर्डिंगचे, पण सगळ्यांना मिळून ६४ किलोबाइट. त्यानंतर १९९४ मध्ये प्लेस्टेशन सीडी घेऊन आलं आणि संगीतकाराला हवं ते स्टुडिओत वाजवून थेट घालता यायला लागलं. ती गाणीही सुंदर आहेत. पण तिथे मशीन गाणं फक्त लावतं, स्वतः वाजवत नाही.

ज्यांना हे सगळं स्वतः ऐकून पाहायचं आहे त्यांच्यासाठी कॉम्प्युटरवर मेसेनसारखा एम्युलेटर उत्तम. त्याच्या सेटिंगमध्ये रीजन म्हणून एनटीएससी, पाल आणि डेंडी असे पर्याय आहेत. डेंडी निवडलं की ५० ची लय आणि जवळपास मूळ सूर मिळतो. आवाजाच्या सेटिंगमध्ये पाचही आवाज वेगवेगळे कमी-जास्त करता येतात. आधी हेडफोन लावा. मारिओचं पहिलं मैदान सुरू करा, चौकोनी दोन्ही आवाज आणि खरखर बंद करा आणि फक्त त्रिकोणी आवाज ऐका. जो टीव्हीने कधी धड ऐकवला नाही तो खर्ज एकटा केवढा नाचतो ते कळेल. मग एकेक आवाज परत चढवा. तसंच कॉन्ट्रासाठी करा, पण तिथे ढोलाचा पाचवा आवाज शेवटी चढवा.

सगळ्यात शेवटी १९९२ चा सनसॉफ्टचा ‘गिमिक!’ लावा, संगीत मासाशी कागेयामा यांचं. जपानी आवृत्तीच शोधा, कारण त्या कॅसेटमध्ये तीन जादा चौकोनी आवाज देणारी वेगळी चिप बसवलेली होती. फॅमिकॉममध्ये कॅसेटकडून आलेला आवाज मशीनच्या आवाजात मिसळायची सोय होती, अमेरिकेच्या एनईएसमध्ये ती कॅसेटच्या खाचेतून काढून टाकली. म्हणजे इथे पाच नाहीत, आठ आवाज आहेत. तरी पहिल्या टप्प्याचं गाणं सुरू झालं की त्यातली एकही ओळ दुसरीच्या पायात येत नाही. आठही बोटं ठेवून मोजता येतात.